आत्मविश्वासाच्या खात्यावर टाकलेला दोष

यवतमाळ, पुसद, वणी, उमरखेड. जिल्ह्यातल्या कुठल्याही महाविद्यालयाच्या व्यक्तिमत्त्व विकास शिबिरात जाऊन बसा, पहिल्या अर्ध्या तासात एक वाक्य हमखास कानावर पडतं : ‘आपली मुलं ज्ञानात कमी नाहीत, आत्मविश्वासात मार खातात.’ सगळे माना डोलावतात. मुलंही डोलावतात, हे जास्त वाईट. मुलाखती ऑनलाइन झाल्यापासून तर हे निदान म्हणजे ब्रह्मवाक्य झालं आहे आणि त्यावरचा काढाही ठरलेला आहे. ब्लेझर घाला, रिंग लाइट आणा, मागे पांढरी भिंत ठेवा, कॅमेऱ्याच्या भिंगात बघून बोला, ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’चं उत्तर इंग्रजीत तोंडपाठ करा.

शास्त्रार्थाची जुनी शिस्त अशी, की खंडन करण्याआधी प्रतिपक्षाचं म्हणणं त्याच्यापेक्षाही जोरकसपणे आपण मांडून दाखवावं. तसं करून पाहू. पूर्वपक्ष म्हणतो : २०२०च्या टाळेबंदीनंतर कंपन्यांनी नवख्यांच्या मुलाखती पडद्यावर आणल्या आणि यवतमाळच्या मुलांचं नशीब उघडलं. आधी पुण्याची मुलाखत म्हणजे रात्रभराची ट्रॅव्हल्स, जाण्यायेण्याचं भाडं, मावसभावाच्या खोलीवर मुक्काम आणि सकाळी चुरगळलेला शर्ट. रेल्वेनं जायचं तर आधी धामणगाव गाठा. आता दारव्ह्याच्या मुलाला आणि कोथरूडच्या मुलाला सारखीच चौकट मिळते, सारखाच वेळ मिळतो. मैदान सपाट झालं. तरीही आपला मुलगा मागे पडत असेल तर उरलेला फरक त्याच्यातच असला पाहिजे. प्रश्न विचारल्यावर तो क्षणभर गप्प राहतो, समोरच्याचं बोलणं संपायच्या आत मध्येच बोलतो, आवाज खोल जातो. ही सगळी न्यूनगंडाची लक्षणं. शिवाय संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, उरलेले ९३ टक्के देहबोली आणि सूर, हे तर विज्ञानानंच सिद्ध केलं आहे.

शेवटच्या आकड्यापासून सुरुवात करू, कारण शिबिरांचा सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. ७-३८-५५ ही टक्केवारी अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधल्या दोन छोट्या अभ्यासांतून आली. लोकांना सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले, चेहऱ्यांची छायाचित्रं दाखवली आणि विचारलं, बोलणाऱ्याला समोरची व्यक्ती आवडते की नावडते? शब्द एक सांगत असेल आणि सूर दुसरंच, तर माणूस सुरावर आणि चेहऱ्यावर विश्वास ठेवतो, एवढाच त्याचा निष्कर्ष. भावना आणि आवडीनिवडीचं बोलणं सोडून हे समीकरण दुसरीकडे लावू नका, असं खुद्द मेहराबियन यांनीच बजावलं आहे. तरी ते विमा विकणाऱ्यांपासून प्लेसमेंटच्या व्याख्यात्यांपर्यंत सगळ्यांनी लावलं. ट्रान्सफॉर्मरमधल्या तेलाचं काम काय, या प्रश्नाचं उत्तर ९३ टक्के चेहऱ्यानं कसं द्यायचं, हे कुणीतरी व्यासपीठावर करून दाखवावं.

आता मूळ मुद्दा : ही मुलं गप्प का राहतात आणि मध्येच का बोलतात?

समोरासमोर बोलताना एकाचं वाक्य संपणं आणि दुसऱ्याचं सुरू होणं यांत किती वेळ जातो, हे तान्या स्टायव्हर्स आणि सहकाऱ्यांनी जगातल्या दहा भाषांमध्ये मोजलं. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सरासरी निघाली सुमारे २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. आपला मेंदू संवादाची ही लय इतकी गृहीत धरतो, की ती चुकली तर खटकतं; आणि दोष लाइनीला जात नाही, माणसाला जातो. म्हणून तर आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या शिफारशीत आवाज एका टोकाहून दुसऱ्या टोकाला १५० मिलिसेकंदांच्या आत पोहोचावा असं म्हटलं आहे. २०१४ मध्ये जर्मनीत कात्रीन शोएनेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी फोनवरच्या संभाषणात मुद्दाम उशीर घातला. तो १.२ सेकंदांपर्यंत गेला तेव्हा ऐकणाऱ्यांना पलीकडचा माणूस कमी लक्ष देणारा वाटू लागला. माणूस तोच होता, बोलणंही तसंच होतं. बिघाड तारेत होता आणि ठपका स्वभावावर आला.

हे शोध यवतमाळला आणून बघा. १३ हजार ५८२ चौरस किलोमीटरचा, १६ तालुक्यांचा हा जिल्हा. तीन चतुर्थांशाहून अधिक लोक खेड्यांत राहतात. झरी-जामणी, मारेगाव, घाटंजीकडे डोंगर आणि जंगल. गावात टॉवर असला तरी संध्याकाळी सगळे फोन एकदम त्याच्यावर तुटून पडतात. मुलाखत देणारी मुलगी घरातल्या कुठल्या कोपऱ्यात दोन काड्या जास्त मिळतात ते बघून बसते. मुलाखत घेणाऱ्या मुंबईतल्या बाईंनी प्रश्न विचारला. तो इथं पोहोचायला थोडा वेळ गेला, मुलीनं लगेच उत्तर दिलं, ते तिकडे जायला पुन्हा तेवढाच वेळ. मुलीच्या लेखी ती पटकन बोलली. बाईंच्या लेखी ती दीड सेकंद गप्प होती. बाईंना वाटलं, प्रश्न कळला नसेल; त्या पुन्हा विचारू लागल्या आणि नेमका त्याच क्षणी मुलीचा आवाज त्यांच्यावर आदळला. मुलगी दचकून थांबली, बाई थांबल्या, पुन्हा दोघी एकदम बोलल्या. अशा मुलाखतीनंतर शेऱ्याच्या रकान्यात काय लिहिलं जात असेल? ‘लॅक्स कॉन्फिडन्स.’

म्हणजे मैदान सपाट झालं हे खरं, पण फक्त प्रवासापुरतं. रात्रभराची ट्रॅव्हल्स वाचली हा फायदा मी नाकारत नाही. गरिबाच्या घरी त्या भाड्याची किंमत काय असते ते आपल्याला माहीत आहे. पण जी मुलगी पूर्वी चुरगळलेल्या कपड्यांत का होईना, त्याच खोलीत, त्याच हवेत बसून बोलत होती, तिचं बोलणं आता उशिरा आणि तुटक पोहोचतं. ब्लॅकस्मिथ, विलफर्ड आणि बेहरेंड यांनी २०१६ मध्ये यावरचे अनेक अभ्यास एकत्र तपासले. तंत्रज्ञानाच्या माध्यमातून झालेल्या मुलाखतींत उमेदवारांना समोरासमोरच्या मुलाखतींपेक्षा कमी गुण पडतात, असं त्यांना आढळलं.

उशीर ही एक गोष्ट झाली. आवाजाचा पोत ही दुसरी, आणि शिबिरांत तिचा उल्लेखही नसतो. न्यूमन आणि श्वार्झ यांनी २०१८ मध्ये शास्त्रज्ञांची भाषणं आणि रेडिओ मुलाखती लोकांना ऐकवल्या. काहींना स्वच्छ आवाजात, काहींना खराब. मजकूर तोच, पण खराब आवाज ऐकणाऱ्यांना संशोधन कमी महत्त्वाचं आणि संशोधक कमी हुशार वाटला. २०२५ मध्ये येल विद्यापीठातल्या गटानं तर थेट नोकरीच्या उमेदवाराचंच बोलणं घेतलं. शब्द नीट कळत होते, फक्त आवाज डब्यातून आल्यासारखा किनरा केला होता. तेवढ्यानं तो उमेदवार नोकरीला कमी लायक ठरला.

आता गंमत बघा. शिबिरात सांगतात म्हणून मुलगा कानात ब्लूटूथचे बिनतारी इअरबड घालून बसतो, कारण ते ‘प्रोफेशनल’ दिसतात. यांतल्या बऱ्याच इअरबडचा माइक सुरू झाला, की जोडणी फोनकॉलच्या जुन्या पद्धतीवर उतरते आणि आवाजाच्या वरच्या-खालच्या पट्ट्या कापल्या जातात. गाणी छान वाजवणारं तेच यंत्र बोलताना पत्र्याच्या डब्यातला आवाज पाठवतं. यवतमाळच्या दत्त चौकात दोन-तीनशे रुपयांना मिळणारा तारेचा साधा इअरफोन, ज्याचा माइक हनुवटीजवळ लटकतो, तो बहुतेक वेळा याच्यापेक्षा बरा. दिसायला बावळट, ऐकायला स्वच्छ. पण दिसण्याच्या तयारीत त्याला कोण विचारतो?

आणि कूलर! एप्रिल-मेमध्ये यवतमाळात पारा ४३-४४च्या घरात असतो. त्या दिवसांत बंद खोलीत कूलरशिवाय बसायचं म्हणजे तपश्चर्या, वर ब्लेझर म्हणजे सूडच. म्हणून मुलं कूलर चालू ठेवतात आणि त्याच्यासमोरच बसतात. मुलाखतीचं अ‍ॅप पंख्याची घरघर गाळायचा प्रयत्न करतं आणि त्या नादात शब्दांची टोकं खातं. ‘कान्ट’मधलं शेवटचं व्यंजन गेलं, की होकार-नकारात फरक उरत नाही. उपाय अगदी घरगुती आहे. मुलाखतीआधी तासभर खोली थंड करून घ्यावी, ऐन वेळी कूलर बंद ठेवावा आणि साधा सुती सदरा घालावा. टिनाच्या पत्र्याखालच्या मोकळ्या खोलीत आवाज घुमतो. तिथं भिंतीला गादी टेकवावी, खिडकीवर गोधडी टांगावी. प्रतिध्वनी शोषायला कापसासारखी वस्तू नाही आणि हा जिल्हा कापसाचाच आहे. मागची भिंत पांढरी असण्यापेक्षा समोरची भिंत मऊ असणं महत्त्वाचं, कारण आपला आवाज पहिल्यांदा तिच्यावर आदळून माइककडे परत येतो.

चित्रासाठी एवढा जीव टाकायचा, तर चित्राचा खर्चही माहीत हवा. झूमच्या स्वतःच्या मापात नुसत्या आवाजाला सेकंदाला ६० ते ८० किलोबिट पुरतात. दोघांच्या कॉलमधल्या चांगल्या चित्राला ६०० लागतात आणि त्याहून स्पष्ट चित्राला १.२ मेगाबिट, तेही दोन्ही दिशांनी. मोबाइलवर ‘स्पीड’ तपासताना मुलं फक्त उतरणारा आकडा बघतात. मुलाखतीत आपलं बोलणं चढणाऱ्या वाटेनं जातं आणि ती बहुधा जास्त अरुंद असते. लाइन गुदमरू लागली तर ‘मॅडम, माझ्याकडे नेटवर्क कमजोर आहे, थोडा वेळ व्हिडिओ बंद केला तर आवाज स्वच्छ येईल, चालेल का?’ असं विचारणं हा कमीपणा नाही. सुरुवातीलाच ‘आवाजाला जरा उशीर होतोय, मी तुमचं बोलणं पूर्ण झाल्यावर उत्तर देते’ असं सांगून टाकलं, तर गप्प राहण्याचं खरं कारण तरी समोर जातं. हे वाक्य एकाही शिबिरात पाठ करून घेतलेलं मी ऐकलं नाही.

पूर्वपक्षाकडे एक बाण आहे आणि तो मोडका नाही, हे मान्य करतो. इंग्लंडमधल्या डरहॅम विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवलं, की व्हिडिओ कॉलमागची पार्श्वभूमी माणसाविषयीचं मत बदलते. मागे पुस्तकांचं कपाट किंवा झाडं असली तर माणूस जास्त विश्वासू आणि कर्तबगार वाटला. घरातली बैठकीची खोली किंवा बर्फावर बसलेल्या वॉलरसचं गमतीचं चित्र असलं तर कमी. म्हणजे भिंतीचा काहीच परिणाम नाही असं मला म्हणता येणार नाही. पण तो अभ्यास स्थिर छायाचित्रांवर होता. तिथं कुणी बोलत नव्हतं, कुणाला प्रश्न विचारले जात नव्हते. पहिल्या दृष्टिक्षेपाचा परिणाम अर्ध्या तासाच्या बोलण्यानंतर किती टिकतो, हे त्यावरून कळत नाही. भिंत आवरायला दहा मिनिटं लागतात, ती जरूर द्यावीत. माझं भांडण तयारीचे उरलेले दहा दिवस त्याच भिंतीवर घालवण्याशी आहे.

त्या दहा दिवसांचं काय करावं? इथं पूर्वपक्षाचा दुसरा उपाय आडवा येतो, पाठांतराचा.

एका सराव-मुलाखतीत माझ्यासमोर विद्युत शाखेचा डिप्लोमा केलेला एक मुलगा होता. ‘आय अ‍ॅम हार्डवर्किंग, डेडिकेटेड अँड अ टीम प्लेयर’ हे त्यानं श्वास न घेता म्हटलं. आपली उणीव कोणती, यावर ‘आय अ‍ॅम अ परफेक्शनिस्ट’. मग सहज विचारलं, सुट्टीत काय करतोस? काकाच्या दुकानात मोटारी भरतो, म्हणाला. शेतातल्या पंपाच्या जळालेल्या मोटारी. का जळतात रे एवढ्या? पोरगा खुर्चीत पुढे सरकला आणि थेट वऱ्हाडीत सुरू झाला : ‘सर, लाइन रातची येते. लाइन आली की साऱ्याइच्या मोटरा ऑटोवर संगच चालू होते. व्होल्टेज पडते. मोटर नुसती घुमते, फिरत नाही. करंट ओढते अन् वायंडिंग जळते. एखादा फेज गेला तरी तसंच.’ मग कपॅसिटर बसवला तर काय होतं, शेतकरी तो का काढून ठेवतो, डीपी (ट्रान्सफॉर्मर) उडण्याचा आणि लाइन येताच पंप सुरू करणाऱ्या या ‘ऑटो’चा संबंध काय, हे त्यानं बोटांनी हवेत आकृत्या काढत सांगितलं. महावितरण वर्षानुवर्षं शेतकऱ्यांना ऑटोस्विच काढा, कपॅसिटर लावा म्हणून विनवतं, त्याचं इतकं नेमकं विवेचन मी क्वचित ऐकलं आहे. हे तू मघाशी का नाही सांगितलंस, असं विचारलं तर म्हणाला, ‘ते काय इंटरव्ह्यूत सांगाचं असते का सर?’

हा प्रश्न त्याचा नाही, त्याला शिकवणाऱ्यांचा आहे. निवड कशी करावी यावर शंभर वर्षांचं संशोधन आहे. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये ते नव्यानं तपासलं तेव्हा पुढच्या कामाचा अंदाज देण्यात पहिल्या क्रमांकावर आली ती आखीव मुलाखत, म्हणजे सगळ्यांना तेच प्रश्न आणि ठरलेल्या निकषांवर गुण. गप्पाटप्पा करून छाप जोखणारी मुलाखत तिच्या खूप खाली राहिली. आखीव मुलाखतीत प्रश्न येतात ते ‘अमुक अडचण आली तेव्हा तुम्ही काय केलं?’ अशा वळणाचे. त्याला ‘मी मेहनती आहे’ हे उत्तर चालत नाही. जळालेली मोटार चालते.

छाप पाहून माणूस निवडण्याविषयीचा संशय आपल्याकडेही जुना आहे. श्रीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेशासाठीच्या एकूण गुणांचा तिसरा हिस्सा दोन-तीन मिनिटांच्या तोंडी परीक्षेला होता. ‘अजय हसिया’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ते मनमानी ठरवलं आणि तोंडी परीक्षेला १५ टक्क्यांहून जास्त गुण नसावेत असं म्हटलं. १ जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारनं खालच्या श्रेणीच्या पदांसाठी मुलाखतच बंद केली. जगाचा कल छापेकडून पुराव्याकडे चालला असताना आपण मात्र पोरांकडून छाप घोटून घेतोय.

पाठांतराला आता एक नवं विघ्नही आलं आहे. पडद्याआड कृत्रिम बुद्धिमत्तेकडून उत्तरं घेऊन वाचणारे उमेदवार इतके झाले, की २०२५ मध्ये गूगलच्या सुंदर पिचाई यांनी किमान एक फेरी पुन्हा समोरासमोर घेत असल्याचं सांगितलं. गुळगुळीत, एकसुरी, नजर एका रेषेत फिरवत दिलेलं इंग्रजी उत्तर आज तयारीचं नव्हे, लबाडीचं चिन्ह वाटू शकतं. ज्यानं प्रामाणिकपणे पाठ केलं, तोही त्यात भरडला जाणार.

मग इंग्रजी नको का? हवीच. ज्या कामात ग्राहकाशी इंग्रजीत बोलायचं आहे तिथं ती नसेल तर नोकरी मिळणार नाही आणि मिळूही नये. पण क्रम चुकतो आहे. आधी स्वतःच्या कामाची, प्रकल्पाची, घरच्या शेतीत सोडवलेल्या अडचणीची गोष्ट मराठीत, वऱ्हाडीत, गोरमाटीत, कोलामीत, जी जिभेवर असेल त्या भाषेत नीट लावून घ्यावी : अडचण काय होती, मी स्वतः काय केलं, त्यातून काय निघालं, कुठला आकडा सांगता येईल. मग ती साध्या, तुटक का होईना, पण आपल्या इंग्रजीत आणावी. सराव आरशासमोर नको, माणसासमोर करावा. दोन फोन घ्यावे, एक मित्र दुसऱ्या गावात बसवावा, त्याच अ‍ॅपवर, त्याच खोलीतून, त्याच वेळेला. बोलणं रेकॉर्ड करावं आणि चित्र न बघता नुसतं ऐकावं. ही शेवटची गोष्ट मुलांना फार जड जाते. स्वतःचा चेहरा बघायला सगळे तयार असतात.

रेकॉर्ड करून पाठवायच्या मुलाखती निघाल्या आहेत, त्यांत पलीकडे कुणीच नसतं. तिथं उशिराचा प्रश्न येत नाही, आवाजाचा येतोच. अशा मुलाखतींत संगणकाकडून चेहऱ्याचे हावभाव जोखून घेण्याची टूमही निघाली होती. २०२१च्या सुरुवातीला हायरव्ह्यू या अमेरिकी कंपनीनं टीकेनंतर तो प्रकार सोडल्याचं जाहीर केलं. देहबोलीवाल्यांनी याची नोंद घ्यायला हरकत नाही.

आत्मविश्वास नावाची वस्तूच नसते, असं माझं म्हणणं नाही. काही मुलं खरंच बुजरी असतात, पुण्यातही असतात. पण ज्या लक्षणांवरून आपण अख्ख्या जिल्ह्याच्या पोरांना न्यूनगंडाचा शिक्का मारतो, त्यांतली निम्मीशिम्मी लक्षणं लाइनीची, माइकची आणि चुकीच्या पाठांतराची आहेत. ती दूर करून बघितल्याशिवाय उरलेल्याचं निदान करण्याचा अधिकार कुणाला पोहोचत नाही.

म्हणून यवतमाळ, पुसद, वणी, दिग्रस, पांढरकवड्याच्या महाविद्यालयांना आणि तालुक्यातालुक्यांतल्या अभ्यासिका चालवणाऱ्यांना एक मागणी आहे. पुढच्या शिबिराच्या वक्त्याला द्यायचं मानधन एका वर्षापुरतं बाजूला ठेवा. त्यात एक छोटी खोली तयार करा : दार घट्ट लागणारी, तारेच्या इंटरनेटची, इन्व्हर्टर असलेली, भिंतींना गाद्या लावलेली, टेबलावर तारेचा एक चांगला माइक. बाहेर वही टांगा, ज्याची मुलाखत असेल त्यानं वेळ लिहून जावं. जवळच्या खेड्यातल्या, दुसऱ्या महाविद्यालयातल्या मुलालाही ती वापरू द्या. कॅम्पसचा हंगाम सुरू होण्याआधी हे होऊ शकतं.